दुखावलेले मूल आणि बौद्ध कुटुंबाचे कर्तव्य

(अभ्यास-पाठ)



धम्मदीक्षा घेतली की घरातला देव्हारा निघतो, दंडावरचे गंडे-ताईत सुटतात, बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत होतात. पण एखाद्या रात्री घरातले आठ-नऊ वर्षांचे पोर झोपेतून किंचाळत उठते, अंथरूण ओले करते, शाळेचे नाव काढताच पोट धरून बसते; आणि म्हातारी आजी कळवळून म्हणते, "पोराला बाहेरचं लागलं, भगताकडे न्या." अशा वेळी नवदीक्षित आईबापांची खरी परीक्षा होते. भगताकडे जायचे नाही, हे त्यांना पटलेले असते. पण मग काय करायचे? हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जुने सोडले आणि त्या जागी नवे काही दिले नाही, तर माणूस अडचणीच्या रात्री पुन्हा जुन्याच वाटेला लागतो. म्हणून या पाठात आपण त्या "मग काय करायचे?" या प्रश्नाचा विचार करू.

१. बाहेरचे लागले नाही, बाहेर काही घडले

आजीच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. पोराला बाहेर काहीतरी झाले आहे. फक्त ते भूत नव्हे, ती घटना आहे. मारहाण, अपघात, दंगल, आगीत जळालेले घर, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, बापाची दारू आणि आईचा आक्रोश, कोणा ओळखीच्याच माणसाने केलेला घाणेरडा स्पर्श, किंवा जातीवरून चारचौघांत झालेली विटंबना, यांपैकी काहीही मुलाच्या मनाला जखम करू शकते.

आपल्या खानदेशातच पाहा. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, वाकडी गावी, विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून पट्ट्याने आणि काठीने मारण्यात आले. मारणाऱ्यांच्या बाजूनेच त्याची चित्रफीत निघाली आणि ती मोबाईलवरून देशभर फिरली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले, त्याला तेव्हा एक्क्याण्णव वर्षे झाली होती. त्यानंतर काहीच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तो बाजाराचा दिवस होता. मेलेल्यांची मुले पोरकी झाली, हे तर उघडच आहे. परंतु गावात तो प्रकार ज्यांच्या कानांवर, डोळ्यांवर पडला, ती मुलेही त्या दिवशी दुखावली गेलीच असणार. त्यांचा विचार कोणी केला?

अशी घटना घडते तेव्हा मुलाच्या मेंदूतील धोक्याची घंटा वाजू लागते. छाती धडधडते, अंग ताठरते, पळावे की थिजावे कळत नाही. धोका टळल्यावर ती घंटा थांबायला हवी. पण पुष्कळदा ती थांबत नाही. पट्ट्याचा आवाज, विशिष्ट वास, गर्दी, अंधार, असे काही जाणवले की ती पुन्हा वाजते. मुलाला ती घटना नुसती आठवत नाही, ती पुन्हा घडत असल्यासारखे वाटते. यालाच मानसशास्त्रात आघात म्हणतात.

त्याची लक्षणे वयानुसार बदलतात. पाच-सहा वर्षांखालील मूल आईला चिकटून राहते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते, बोबडे बोलू लागते. शाळेत जाणाऱ्या मुलाचे पोट दुखते, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तेच तेच खेळ तो पुन्हा पुन्हा खेळतो. चौदा-पंधराचा मुलगा गप्प होतो नाहीतर भडकतो, घराबाहेर राहतो, व्यसनाकडे वळतो. आईबाप म्हणतात, "पोरगं बिघडलं." पोरगे बिघडलेले नसते. ते दुखत असते.

२. बाबासाहेबांच्या दोन आठवणी

लहानपणचा अपमान पोर विसरून जाते, असे म्हणणाऱ्यांनी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर आठवणी अवश्य वाचाव्यात. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या नावाने त्या मराठीत परिचित आहेत. त्यांतली पहिलीच आठवण बालपणची आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होईना. अखेर मुलांनीच गाडी हाकली. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. रात्र तशीच काढावी लागली.

ही घटना विसाव्या शतकाच्या प्रारंभीची. बाबासाहेबांनी ती लिहिली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, जगातल्या थोर विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या नावापुढे लागलेल्या होत्या. तरी कपड्यांचा रंग, टोपीची जर, नाक्यावरचा माणूस, सारे त्यांना लख्ख आठवत होते. त्या प्रसंगाचा ठसा कधीच पुसला गेला नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. एवढ्या लोकोत्तर पुरुषाच्या मनातून जे गेले नाही, ते आपल्या लेकराच्या मनातून "विसर आता" म्हटल्याने कसे जाईल?

पण इथे दुसरीही एक गोष्ट पाहिली पाहिजे. आई भीमाबाईंच्या मृत्यूनंतर या मुलाला मायेने सांभाळणारी मीराआत्या घरात होती. शिक्षणासाठी स्वतः झिजणारे वडील रामजी सुभेदार होते. बाहेरच्या जगाने त्याला हीन म्हटले, पण घराने कधी म्हटले नाही. आणि पुढे त्या जखमेला त्यांनी शब्द दिले, ती लिहून काढली, तिचे कारण शोधले. घराचा आधार आणि दुःखाला मिळालेली वाट, या दोन गोष्टींवरच या पाठाचा सारा भर आहे.

दुसरी आठवण आपल्या खानदेशातील आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब या भागात आले होते. चाळीसगाव स्टेशनावर आपले लोक त्यांना न्यायला आले. पण टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईनात. बाबासाहेबांनी पायी चालत यावे, हे आपल्या लोकांना रुचेना. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि न शिकलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि गाडी खाली नदीच्या पात्रात कोसळली. माणसे प्रेमळ होती, हेतू शुद्ध होता. परंतु प्रवाशाच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, याचा त्यांना विसर पडला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. चाळीसगावचा हा धडा नीट ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

३. पटाचारेला तथागतांनी आधी काय दिले?

थेरी पटाचारेची कथा विहारात आपण ऐकली असेल. माहेरी निघालेल्या पटाचारेचा नवरा वाटेत सर्पदंशाने मेला, नवजात अर्भक ससाण्याने नेले, मोठा मुलगा नदीत वाहून गेला, आणि वादळात घर कोसळून आईबाप व भाऊ गेल्याची वार्ता गावाच्या वेशीवरच कळली. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले, तरी तिला शुद्ध नव्हती. लोक वेडी म्हणून तिला हाकलू लागले. ती जेतवनात आली, तेव्हा तिथल्या लोकांनीही तिला अडवले.

तथागत काय म्हणाले? तिला येऊ द्या. मग शांतपणे "भगिनी, भानावर ये," असे तिला संबोधिले. कोणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. मग ती बोलली आणि तथागतांनी ते ऐकून घेतले. अनित्यतेचा उपदेश आला तो सर्वांत शेवटी.

हा क्रम पाहा. आधी जवळ येऊ देणे, मग अंग झाकणे, मग ऐकणे, आणि शिकवण त्यानंतर. आज आपत्तीनंतर मदतीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना जागतिक आरोग्य संघटना जे मानसिक प्रथमोपचार शिकवते, त्यांचाही क्रम थोडाफार असाच आहे : काय हवे-नको ते पाहा, ऐका, आणि योग्य मदतीशी जोडून द्या. आपण मात्र उलटे करतो. रडणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी "शूर बन, बाबासाहेबांचा नातू आहेस" असा उपदेश करतो. उपदेश वाईट नाही, पण त्याची वेळ ती नव्हे. त्या वेळी उपरणे हवे असते.

आणि पटाचारा पुढे काय झाली? ती भिक्खुणी संघातली थोर थेरी झाली. दुःखाने होरपळलेल्या इतर स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. थेरीगाथा म्हणजे तरी काय? अनेक दुखावलेल्या स्त्रियांनी आपल्या वेदनेला आणि मुक्तीला दिलेले गाण्याचे रूप.

४. तोंड उघडत नसेल तर हाताला वाट द्या

मोठ्या माणसाला दुःख झाले तर तो निदान चार शब्द बोलतो. लहान मुलाकडे ते शब्दच नसतात. शिवाय त्याला लाज वाटते. आपलेच काहीतरी चुकले, आपण पोहायला गेलो नसतो तर असे झाले नसते, असे त्याला वाटत राहते. त्याला समोर बसवून "बोल, काय झालं? सांग सगळं" असे खोदून विचारणे म्हणजे खपली काढणे होय. बळजबरीने सारे वदवून घेतल्याने मूल बरे होत नाही, प्रसंगी अधिक बिघडते, हे आता तज्ज्ञांनीही मान्य केले आहे.

पण जे मूल बोलत नाही ते चित्र काढते, माती मळते, बाहुलीशी बोलते, गुणगुणते. यालाच कलेतून उपचार म्हणतात. यात चमत्कार नाही. मनात जे तुकड्या-तुकड्याने भिरभिरत असते, ते कागदावर उतरले की मुलापासून हातभर अंतरावर येते. मग मूल त्याच्याकडे पाहू शकते, त्याला नाव देऊ शकते, त्यावर रंग फिरवू शकते. ज्या प्रसंगात त्याच्या हातात काहीच नव्हते, तो प्रसंग आता त्याच्या हातात येतो.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यू लोकांना तेरेझीन येथे कोंडले होते. तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाच्या चित्रकार बाईने बंदिवान मुलांना चित्रे काढायला शिकवली. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव घालावे, असा या बाईचा आग्रह असे. जिथे मुलांना नुसते क्रमांक उरले होते, तिथे तिने त्यांना नाव परत दिले. वॉर्सा येथेही अनाथाश्रमाचे डॉ. यानुश कोर्चाक यांनी जुलै १९४२ मध्ये मुलांकडून रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' हे नाटक करवून घेतले. पुढच्याच महिन्यात ती मुले आणि स्वतः कोर्चाक मृत्यूच्या छावणीत नेले गेले. कलेने त्यांचे प्राण वाचले नाहीत. परंतु अखेरच्या दिवसांतही त्यांना माणूस म्हणून जगता आले.

आपल्याला दूर जाण्याचीही गरज नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. वैधव्याचे आणि कष्टांचे ओझे वाहत त्यांनी जात्यावर, शेतात गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांनी ती उतरवून ठेवली, आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. आपल्याही आज्या जात्यावर दुःख दळत आल्या. आपले शाहीर जलशांतून समाजाची वेदना गात आले. तेव्हा कलेने मन हलके होते, हे आपल्याला परक्याने सांगायला नको.

घरी काय करता येईल ते पाहू.

माती. पोळ्याला आपल्याकडे मुले मातीचे बैल करतात. गिरणा, पांझरा, वाघूर, कोणत्याही नदीकाठची चिकण माती आणा, खडे काढा, मळून मुलाला द्या. काय करायचे ते सांगू नका. तो घर करील, माणूस करील, आणि कदाचित त्याला ठोसे मारून सपाट करील. करू द्या. ठोसा मातीला लागतो आहे, धाकट्या बहिणीला नाही.

चित्र. महागडे रंग लागत नाहीत. कोळसा, गेरू, हळद, चुना आणि वर्तमानपत्राचा पाठकोरा कागदही चालतो. मूल चित्र काढत असताना शेजारी बसा, पण हात लावू नका. "आकाश निळं असतं रे" अशी दुरुस्ती करू नका. "हे काय काढलंस?" असे दरडावूनही विचारू नका. "मला याची गोष्ट सांगशील का?" एवढेच विचारा. नाही म्हणाले तर बरे म्हणा. काळा रंग वापरला म्हणजे अमुक, मोठे हात काढले म्हणजे तमुक, असे अर्थ आपण लावू नयेत. तो पोथी उघडून भविष्य पाहण्याचाच प्रकार झाला. चित्र कोणाला दाखवायचे, भिंतीला लावायचे की पेटीत ठेवायचे, हे मुलानेच ठरवावे.

खेळ. ज्या मुलाने अपघात पाहिला तो काड्यापेटीच्या मोटारी आदळत राहतो. हा खेळ अशुभ म्हणून बंद करू नका. त्यातून तो समजून घेत असतो. मात्र दिवसेंदिवस तोच खेळ, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावर मूल अधिकच घाबरलेले, असे दिसले तर हळूच विचारा, "आता यांच्या मदतीला कोण येईल?" खेळात रुग्णवाहिका येऊ द्या, आजी येऊ द्या, चांगला शिपाई येऊ द्या. गोष्टीला पुढचा रस्ता मिळू द्या.

गाणे आणि बोली. शाळेत मूल प्रमाण मराठी बोलते. भीती मात्र त्याला अहिराणीत वाटते. म्हणून धीरही त्याच बोलीत द्या. "भिऊ नको, मी शे ना तुनाजोडे," हे मायचे चार शब्द मोठ्या भाषणापेक्षा जास्त काम करतात. झोपताना ठरलेले एखादे गाणे, सामुदायिक त्रिसरण-पंचशील, ढोलकीच्या किंवा टाळ्यांच्या ठेक्यावर भीमगीत, यांनी अंगाला पुन्हा लय सापडते.

लेखन. थोड्या मोठ्या मुलाला वही द्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत असत. आपल्या विहारातही मुलांचा हस्तलिखित अंक का निघू नये? मात्र स्वतःच्या जखमेवरच लिहिले पाहिजे अशी सक्ती नको. चिंचेच्या झाडावर लिहिले तरी चालेल.

५. घराने काय करावे?

माती आणि रंग ही साधने झाली. खरे औषध आहे घरातले माणूस. आघातानंतर ज्या मुलांना एक तरी स्थिर, न ओरडणारे, विश्वासाचे मोठे माणूस मिळते, त्यांपैकी बहुतेक मुले हळूहळू सावरतात. भगताकडे नेल्यावर पोराला कधी कधी बरे वाटते, ते कशाने? लिंबाने नव्हे, अंगाऱ्याने नव्हे. सारे घर त्याच्याभोवती गोळा होते, त्याच्याकडे लक्ष देते, म्हणून वाटते. मग तेच गोळा होणे आपण भीतीवाचून, फसवणुकीवाचून करू. भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, चटके देणे, उपाशी ठेवणे हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हाच आहे.

पहिली गोष्ट, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा पाळा. पुढे काय होणार हे ठाऊक असले की धोक्याची घंटा मंद होते.

दुसरी, अंथरूण ओले केले तर मारू नका, भावंडांना हसू देऊ नका. गुपचूप चादर बदला.

तिसरी, "तुझी चूक नव्हती" हे त्याला स्पष्ट शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगा. विहिरीत पोहणे ही चूक नव्हे. लाज मार खाणाऱ्याने वाटून घ्यायची नाही. ती मारणाऱ्याची आहे. धम्म माणसाला जन्माने हीन मानत नाही, हे या मुलाला नुसते पाठांतर म्हणून कळता कामा नये. ते घरातल्या वागणुकीतून कळले पाहिजे.

चौथी, बापाने जवळ बसावे. आपल्याकडे मुलाचे मन हे आईचे खाते समजले जाते. घटनेने बापही दुखावलेला असतो, त्याला वाटते आपण पोराला वाचवू शकलो नाही. ते दुःख तो दारूत बुडवतो आणि घरात दुसरा आघात करतो. पाचवे शील इथे कसाला लागते. मुलाला बरे करू इच्छिणाऱ्या बापाने आधी बाटली सोडावी.

पाचवी, आईला विसावा द्या. रात्र-रात्र जागणाऱ्या बाईला मावशीने, आत्याने, शेजारणीने दोन तास सोडवावे. मायेचे भांडे रिकामे झाले तर ती लेकराला काय देणार?

सहावी, श्वासाचा सराव थोडाच करावा. तथागतांनी कोवळ्या वयाच्या राहुलाला आधी पाण्याच्या भांड्याचा दृष्टांत दाखवून सत्य बोलण्याचे महत्त्व शिकवले. आनापानसती नंतर शिकवली. घाबरलेल्या मुलाला डोळे मिटून अर्धा तास बसवू नका. मिटल्या डोळ्यांपुढे तीच घटना उभी राहते. उघड्या डोळ्यांनी, आईच्या मांडीला टेकून, पाच-दहा श्वास मोजले तरी पुरे.

६. मूल म्हणजे मोर्चाचा फलक नव्हे

आता एक कडू बोल. वाकडीच्या प्रकरणात चित्रफीत काढली मारणाऱ्यांच्या बाजूने. पण ती पुढे पाठवली कोणी? त्यांत संतापलेले, हळहळणारे, आपलेच म्हणवणारे लोकही होते. पीडित मुलांची ओळख उघड झाल्याबद्दल राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्या वेळी एका राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्षांनाही नोटीस पाठवली होती. हेतू निषेधाचा असेल. पण त्या मुलांची उघडी अंगे प्रत्येक वेळी नव्या डोळ्यांपुढे गेली. विटंबना एकदा झाली होती. आपण ती हजारदा केली.

अत्याचाराविरुद्ध मोर्चा निघालाच पाहिजे, फिर्याद झालीच पाहिजे. यात तडजोड नाही. परंतु त्या मुलाला व्यासपीठावर उभे करून "सांग बाळ, कसं मारलं" म्हणणे, येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यापुढे त्याला पाठीवरचे वळ दाखवायला लावणे, त्याचा फोटो फलकावर छापणे, हे चाळीसगावच्या टांग्यासारखे आहे. समाजाच्या प्रतिष्ठेसाठी आपण त्या लेकराला पुन्हा फरसावर आपटतो. आधी त्याची सुरक्षितता, मग आपली घोषणा. मुलाचे नाव, चेहरा, शाळा, पत्ता प्रसिद्ध करणे बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

७. कायदा आणि डॉक्टर

घरगुती उपायांना मर्यादा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. महिना उलटूनही मूल झोपत नसेल, खात नसेल, शाळेत जात नसेल, दिवसाढवळ्या घटना पुन्हा दिसत असेल, तर डॉक्टरकडे न्या. आणि मरणाच्या गोष्टी करीत असेल किंवा स्वतःला इजा करीत असेल, तर एक दिवसही वाट पाहू नका. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा 'टेलिमानस'चा निःशुल्क क्रमांक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर ही समजूत टाकून द्या. पाय मोडला तर हाडाच्या डॉक्टरकडे जायला आपल्याला लाज वाटत नाही.

मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर तिथेच त्याचे ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा, "सांगितलंस ते चांगलं केलंस" म्हणा, आणि उलटतपासणी घेत बसू नका. ती माहिती पोलिसांना देणे पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे बंधनकारक आहे, मग तो माणूस नात्यातला का असेना. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, पोलिसांनी गणवेशात यायचे नसते, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे हक्क आपण ठामपणे मागितले पाहिजेत. अशा पीडितांना महाराष्ट्र शासनाच्या 'मनोधैर्य' योजनेतून (२०१३ पासून) अर्थसाहाय्य आणि समुपदेशन मिळते. जातीय अत्याचार असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद, अर्थसाहाय्य व पुनर्वसन यांचा हक्क आहे. न्याय मिळणे हाही उपचाराचाच भाग आहे. आपल्यासाठी मोठी माणसे उभी राहिली, हे मुलाला दिसले पाहिजे.

८. विहाराने काय करावे?

प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. दोन पाट, मातीचा गोळा, कागद, ढोलकी एवढी सामग्री पुरे. दुखावलेल्या मुलाला वेगळे काढू नये. सर्व मुलांतच त्याला बसवावे. दोन शांत स्वभावाच्या उपासिका किंवा उपासक नेमावेत, दार उघडे ठेवावे, एकट्या माणसाकडे एकटे मूल सोपवू नये. विहार हे देवळाच्या जागी उभे केलेले दुसरे देऊळ होऊ नये. भेदरलेले मूल धावत येऊन जिथे आपली चप्पल काढील आणि निर्धास्त बसेल, तो विहार.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होतो आणि त्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये आपण रोज म्हणतो. मुलाच्या बाबतीत त्यांचा अर्थ साधा आहे. त्याचे दुःख खरे माना. कारण भुताखेतांत शोधू नका. ते बरे होते यावर विश्वास ठेवा. आणि मार्ग दाखवू नका, त्याचे बोट धरून बरोबर चाला.

अभ्यासासाठी प्रश्न

१. "बाहेरचं लागलं" असे घरातील वडीलधारे म्हणतात, तेव्हा त्यांचा अपमान न करता आपण त्यांना काय सांगाल?

२. पटाचारेच्या कथेतील मदतीचा क्रम सांगा. आपण मुलांच्या बाबतीत तो कुठे मोडतो?

३. चाळीसगावच्या घटनेतून दुखावलेल्या मुलाच्या संदर्भात कोणता बोध घ्यावा?

४. मुलाने काढलेल्या चित्राविषयी त्याला काय विचारावे, आणि काय विचारू नये?

५. आपल्या विहारात मुलांचा तास सुरू करायचा असेल तर येत्या पौर्णिमेपर्यंत कोणी कोणते काम करायचे, हे कुटुंबांनी एकत्र बसून ठरवावे.

भवतु सब्ब मंगलं ।